ड्रेनेज-पाण्याच्या योजनेचा खर्च घरमालकांवर : हरकत नेमकी कशावर घ्यायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या वाचण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. तुमच्या वसाहतीत आजवर प्रत्येक घराचा स्वतःचा सेप्टिक टँक आहे आणि पाण्यासाठी विहीर किंवा बोअर. आता पालिका सगळीकडे ड्रेनेज लाइन आणि पाण्याची लाइन एकदमच टाकणार आहे आणि खर्चाचा मोठा भाग घरमालकांकडून वसूल करणार आहे. नोटिशीतला आकडा बघून सगळे हादरले. 'आमचे टँक नीट चालतात, पाणी भरपूर आहे, आम्हाला ही योजना नको' असं निवेदन तयार आहे, बहुतेक घरांच्या सह्या झाल्यात आणि सुनावणी महिन्याभरावर आली आहे. योजना थांबेल का, निवेदनात आणखी काय घालावं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं अशा लाइनींची डिझाइनं केली. नंतर सल्लागार म्हणून सुनावण्यांना बसलो, कधी पालिकेच्या बाजूने तर कधी रहिवाशांच्या. त्यावरून सांगतो, निवेदन आहे असंच दिलंत तर त्यावर आवक क्रमांक पडेल आणि ते फाइलला लागेल. 'खर्च फार आहे' हे वाक्य सुनावणी घेणारा अधिकारी प्रत्येक योजनेत ऐकतो. त्यावर तो मान डोलावतो आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारतो. त्याला लेखी उत्तर द्यावंच लागेल, असा मुद्दा त्यात हवा.

तुमच्या निवेदनात चार वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या गेल्यात. योजनेची गरज आहे का? गरज असली तरी हाच आराखडा हवा का? खर्चाची वाटणी बरोबर आहे का? आणि पैसे भरायच्या अटी झेपण्यासारख्या आहेत का? यातल्या पहिल्या मुद्द्यावर रहिवासी सगळी ताकद लावतात आणि बहुतेक वेळा तिथेच हरतात. उरलेल्या तिन्हींवर हाताला काहीतरी लागतं, पण तोवर मुदत संपलेली असते.

कायद्याचं आधी बघून घ्या, कारण इथे जागोजागी नियम वेगळे असतात. काही ठिकाणी ठरावीक संख्येने हरकती आल्या की योजना आपोआप थांबते. काही ठिकाणी हरकती नुसत्या ऐकून घ्यायच्या असतात, निर्णय पालिकेचाच. कॅलिफोर्नियात १९९६ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाल्यापासून अशा विशेष आकारणीवर मालमत्ताधारकांची मतपत्रिका घ्यावी लागते आणि ती मतं प्रत्येकावर बसणाऱ्या रकमेच्या प्रमाणात मोजली जातात. म्हणजे ज्याच्यावर जास्त आकारणी, त्याचं मत तेवढं जड. तुमच्याकडे काय नियम आहे ते वकिलाला एकदा विचारून घ्या. तीन गोष्टी खास विचारा: हरकत लेखीच लागते का, प्रत्येक मालकाची स्वतंत्र लागते की सामूहिक चालते, आणि आत्ता न घेतलेला मुद्दा पुढे न्यायालयात घेता येतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी 'नाही' असं येतं. तसं असेल तर सामूहिक निवेदनावर न थांबता प्रत्येक घराने आपापली हरकत द्यावी.

आता गरजेकडे येऊ. 'आमचे सेप्टिक टँक नीट चालतात' याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की संडास तुंबत नाही आणि अंगणात घाण वर येत नाही. टँकमध्ये जड गाळ तळाला बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. ते पाणी अजून घाणच असतं. ते गाळून स्वच्छ करायचं काम माती करते. मातीचा थर पुरेसा जाड असेल, मुरण्याचा वेग मध्यम असेल आणि भूजल खोल असेल तर माती हे काम वर्षानुवर्षं चोख करते. चिकणमातीत पाणी मुरतच नाही. भेगाळलेल्या खडकात ते न गाळता सरळ खाली उतरतं. गंमत म्हणजे अशा खडकावरचा शोषखड्डा मालकाला सगळ्यात उत्तम वाटतो, कारण तो कधी भरतच नाही!

म्हणून सुनावणीच्या आधी पाणी तपासून घ्या. वसाहतीच्या चढाच्या टोकाच्या काही विहिरी-बोअर आणि उताराच्या टोकाच्या काही, अशी निवड करा. नमुने प्रयोगशाळेच्याच माणसाकडून घ्या, नाहीतर 'बाटली निर्जंतुक होती का' यावरच सुनावणी संपते. दोन चाचण्यांनी बरंच कळतं. एक ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू. पिण्याच्या पाण्यात तो १०० मिलिलिटरमध्ये अजिबात सापडता कामा नये. दुसरी नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातून भूजलात उतरणारा क्षार. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. मात्र काही प्रयोगशाळा आकडा 'नायट्रेट, नायट्रोजन म्हणून' असा देतात आणि त्या मापात हीच मर्यादा ११ च्या आसपास येते. अहवालात १४ बघून 'पन्नासच्या कितीतरी खाली' म्हणून खूश झालेली मंडळी मी पाहिली आहेत. नायट्रेट शेतातल्या खतांमधूनही येतं, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. चढाच्या टोकाला कमी आणि उताराच्या टोकाला जास्त, असा फरक दिसला तर मधल्या घरांकडे बोट जातं. पाऊस नुकताच पडून गेलेला असेल तर तेव्हाही एक फेरी घ्या. कोरड्या दिवसांत स्वच्छ दिसणारी विहीर तेव्हा वेगळी निघू शकते.

शंका राहिली तर रंगाची चाचणी असते. फ्लोरेसीन नावाचा बिनधोक रंग संडासात टाकतात आणि तो कुठे बाहेर पडतो ते बघतात. एका वसाहतीत संध्याकाळी रंग टाकला आणि दुसऱ्या दिवशी मागच्या ओढ्याच्या काठातून पोपटी पाणी झिरपू लागलं. दगडांच्या फटीतून, बोटभर धार. ज्यांच्या घरात रंग टाकला होता तेच गृहस्थ विरोधकांचे म्होरके होते. ते काही न बोलता बराच वेळ ओढ्याकडे बघत उभे राहिले आणि पुढच्या बैठकीत त्यांनी गरजेचा मुद्दा सोडून वाटणीचा मुद्दा हातात घेतला. ही चाचणी करायची तर आरोग्य खात्याला कळवून करा, नाहीतर पोपटी ओढा बघून भलताच गोंधळ उडतो.

निकाल हातात आले की तुमचा पवित्रा ठरतो. पाणी स्वच्छ आहे, प्लॉट मोठे आहेत, माती चांगली आहे, टँक नियमित उपसले जातात, अशी परिस्थिती असेल तर अख्ख्या योजनेला विरोध करण्यात दम आहे. तेव्हा नुसतं 'नको' म्हणून थांबू नका, पर्यायही द्या: ठरावीक वर्षांनी प्रत्येक टँकची तपासणी, उपशाच्या पावत्या पालिकेकडे जमा, आणि जे मोजके टँक नादुरुस्त निघतील ते मालकाने बदलायचे. हा पर्याय जगभर वापरात आहे आणि अभियंत्यांनाही पटतो. उलट निम्म्या विहिरींत ई. कोलाय सापडला तर गरजेवर एक शब्दही खर्च करू नका. ते अहवाल दाबूनही ठेवू नका, शेवटी तेच पाणी तुमच्या घरात प्यायलं जातंय. निकाल मिश्र आला, म्हणजे खालच्या गल्ल्या खराब आणि वरच्या ठीक, तर टप्प्याटप्प्याने काम करण्याची मागणी रास्त आहे. पण त्यात एक अडचण आहे. पंपिंग स्टेशन आणि मुख्य लाइन यांचा खर्च घरं कमी झाली म्हणून कमी होत नाही. पहिल्या टप्प्यातल्या घरांवर तो जास्त बसतो. वरच्या गल्लीवाल्यांनी खालच्यांना एकटं टाकलं, असा प्रकार व्हायला इथूनच सुरुवात होते.

आता आराखडा. रहिवाशांना वाटतं नळ, म्हणजे जमिनीखालचा पाइप, महाग असतो. प्रत्यक्षात ड्रेनेजच्या कामात नळाची किंमत एकूण खर्चाच्या मानाने लहान असते. पैसा जातो तो खोदाईत, खंदकाच्या बाजूंना आधार देण्यात, साचलेलं पाणी उपसण्यात, खडक फोडण्यात आणि शेवटी रस्ता पूर्ववत करण्यात. या सगळ्याचा खर्च ठरतो खोलीवर. सांडपाणी उताराने वाहतं आणि गाळ बसू नये म्हणून त्याला सेकंदाला किमान ०.६ मीटरच्या आसपास वेग लागतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या नळासाठी त्याचा अर्थ साधारण २५० मीटरला १ मीटर उतार. जमीन सपाट असेल तर अर्ध्या किलोमीटरवर नळ सुरुवातीपेक्षा दोन मीटर खोल गेलेला असतो. दीड मीटरच्या खाली गेलं की खंदकाला आधार द्यावाच लागतो, भूजल लागलं की पंप अहोरात्र चालू राहतात, आणि दर मीटरचा खर्च खोलीपेक्षा कितीतरी झपाट्याने चढतो. फारच खोल गेलं की मग पंपिंग स्टेशन: सांडपाणी वर उचला आणि पुन्हा उताराला लावा. त्याचं वीजबिल आणि देखभाल कायमची मागे लागते.

त्यामुळे पालिकेकडे पहिल्यांदा मागायचा कागद म्हणजे लांबीछेद, म्हणजे लाइनच्या वाटेवरची जमिनीची पातळी आणि नळाची पातळी दाखवणारा आलेख. त्यात प्रत्येक चेंबरची खोली लिहिलेली असते. तांत्रिक शिक्षण नसलं तरी तो वाचता येतो. कुठल्या दोन चेंबरमध्ये खोली सगळ्यात जास्त आहे ते शोधा आणि कारण विचारा. एका सुनावणीत एका निवृत्त भूमापकांनी हा कागद टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सारला आणि पाच चेंबरभोवती पेन्सिलीने एकच लांबट गोल काढला. त्या पट्ट्यात खोली साडेचार मीटरपर्यंत गेली होती. घरांचे संडास मागच्या बाजूला, मागची गल्ली पुढच्या रस्त्यापेक्षा बरीच खाली, आणि लाइन मात्र पुढून नेलेली. कारण सरळ होतं: पुढचा रस्ता पालिकेचा, मागची गल्ली खाजगी. 'मागच्या जागेतून लाइन न्यायचा हक्क आम्ही लिहून देतो,' असं म्हणत त्यांनी त्या घरमालकांची संमतीपत्रं पुढे ठेवली. सुधारित आराखड्यात त्या पट्ट्याची खोली निम्म्यावर आली आणि एक पंपिंग स्टेशन गळालं. तिथे कोणी आवाजही चढवला नव्हता.

याच कल्पनेवर ब्राझीलमध्ये एक पूर्ण पद्धत उभी राहिली. तिथे १९८०च्या दशकात नाताल शहरात जोझे कार्लोस दे मेलो या अभियंत्याने घरांच्या गटामागे एकच जोडणी धरून परसातून किंवा पदपथाखालून उथळ लाइनी न्यायला सुरुवात केली आणि १९९०च्या दशकात राजधानी ब्राझीलियातही हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. वरून जड वाहन जाणार नसेल तर नळ फार खोल पुरायची गरज राहत नाही, इतका साधा तर्क त्यामागे आहे. कराचीच्या ओरंगी भागात अख्तर हमीद खान यांनी १९८० साली सुरू केलेल्या प्रकल्पात रहिवाशांनी गल्लीगल्लीची लाइन स्वतःच्या पैशाने आणि देखरेखीखाली टाकली. मुख्य नाले आणि शुद्धीकरण सरकारने करावं, अशी विभागणी होती. खर्च सरकारी अंदाजाच्या लहानशा हिश्श्यात झाला. हे उदाहरण देतोय म्हणून उद्या कुदळ घेऊन निघू नका. तिथे सरकारी योजना पोचतच नव्हती, आणि तुमच्याकडे गल्लीत एकाने उतार चुकवला तर सगळ्यांच्या घरात घाण परतेल. पण अंदाजपत्रक हे एका ठरावीक पद्धतीचं असतं आणि पद्धत बदलली की आकडा बदलतो, एवढं सुनावणीत ठासून सांगायला ही उदाहरणं उपयोगी पडतात. लहान व्यासाच्या लाइनींचाही पर्याय आहे. त्यात टँक तसेच ठेवून फक्त मधलं पाणी लाइनीत सोडतात. गाळ टँकमध्येच राहत असल्याने उतार कमी चालतो, मात्र टँक उपसायची जबाबदारी उरते. 'हे पर्याय तपासले का, तपासले असतील तर तुलना दाखवा' एवढी मागणी लेखी करा. पालिकेने तुलना केली नसेल तर हा तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा ठरेल.

'निदान पाण्याची लाइन तरी नंतर टाका' किंवा 'पाणी द्या, ड्रेनेज नको' ही मागणी मात्र करू नका. पाणी आणि ड्रेनेज एकाच खंदकात टाकून पैसे वाचतात, असा समज आहे. तसं सहसा करत नाहीत. दूषित पाणी शिरायचा धोका टाळायला दोन्हींमध्ये साधारण ३ मीटर आडवं अंतर ठेवायचा प्रघात आहे, म्हणजे खंदक दोनच. बचत होते ती रस्ता एकदाच उखडून एकदाच करण्यात, आणि ती बरीच असते. शिवाय नळाने भरपूर पाणी यायला लागलं की घरातला वापर वाढतो. विहिरीच्या पाण्यावर जेमतेम तग धरून असलेले शोषखड्डे मग भराभर ओसंडू लागतात. नुसती पाण्याची लाइन घेतलेल्या वसाहती काही वर्षांनी ड्रेनेजसाठी स्वतःहून अर्ज करतात, तोही नवा कोरा रस्ता फोडण्यासाठी.

पाण्याच्या लाइनबाबत एकच विचारा: व्यास कशावरून ठरवला? घरगुती वापराला तुलनेने लहान नळ पुरतो. आग विझवण्याच्या गरजेमुळे व्यास वाढतो. ते तुमच्याच फायद्याचं आहे. पण वरच्या बाजूला उद्या येणाऱ्या नव्या बांधकामांसाठी क्षमता वाढवली असेल, तर त्या वाढीव क्षमतेचे पैसे तुम्ही का भरायचे? नळाचा व्यास थोडा वाढला म्हणून फार फरक पडत नाही, खंदक तोच राहतो. पंप, टाकी आणि शुद्धीकरणातला हिस्सा मात्र चांगलाच वाढतो.

वाटणीच्या मुद्द्यावर रहिवाशांना सगळ्यात जास्त यश मिळताना मी पाहिलंय. खर्च साधारण तीन तऱ्हांनी वाटतात: रस्त्याकडच्या दर्शनी लांबीवर, प्लॉटच्या क्षेत्रफळावर, किंवा घरटी समान. दर्शनी लांबी धरली तर कोपऱ्यावरच्या प्लॉटचं काय होतं बघा. मधल्या प्लॉटला १५ मीटर दर्शनी, कोपऱ्याच्या प्लॉटला एका बाजूने २० आणि दुसऱ्या बाजूने ३०. एकच कुटुंब, एकच स्वयंपाकघर, पण आकारणी तिपटीहून जास्त. बऱ्याच नियमांत कोपऱ्याच्या दुसऱ्या बाजूला सूट असते. ती मागितल्याशिवाय मात्र लागू करत नाहीत. क्षेत्रफळ धरलं तर मोठ्या बागेचा मालक जास्त भरतो आणि लहान प्लॉटवर चार बिऱ्हाडं असलेला कमी. घरटी समान धरलं तर रिकाम्या प्लॉटवाल्यांना किती मोजायचं, हा वाद निघतो. ज्या वाटणीने तुमचा स्वतःचा आकडा कमी होतो ती तुम्हाला न्याय्य वाटणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. म्हणून सुनावणीआधी वसाहतीत बसून एकाच पद्धतीवर एकमत करा. तीन गट तीन पद्धती मागायला लागले की अधिकारी मूळचीच कायम करतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

वाटणीमागचं तत्त्व जुनं आहे: मालमत्तेला जेवढा खास फायदा, साधारण तेवढीच आकारणी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली नॉरवुड विरुद्ध बेकर या खटल्यात म्हटलं की फायद्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त आकारणी म्हणजे तेवढ्यापुरती मोबदला न देता मालमत्ता काढून घेणंच. तुमच्याकडचा कायदा वेगळ्या शब्दांत असेल, पण अनेक ठिकाणी आकारणीची सांगड फायद्याशी घातलेली असते. म्हणून विचारा: या कामाचा फायदा फक्त आम्हाला की सगळ्या गावाला? मुख्य लाइन तुमच्या रस्त्यातून जात असली तरी तिच्यात चार वसाहतींचं सांडपाणी येणार असेल, तर तिचा खर्च चार वसाहतींचा. ओढा किंवा तळं स्वच्छ होणार असेल तर तो फायदा सगळ्या गावाचा आणि तेवढा हिस्सा पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून यायला हवा. असा हिस्सा मागून मिळालेली उदाहरणं मला माहीत आहेत. मागितला नाही तर कोणी आपणहून देत नाही.

अटींचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण घराचं अंदाजपत्रक कोलमडतं ते इथे. नोटिशीतला आकडा बहुधा तुमच्या कुंपणापर्यंतचा असतो. कुंपणापासून घरापर्यंतची जोडणी, संडास-मोरीचे नळ फिरवणं, जुना टँक उपसून, तळ फोडून वाळूने भरणं, हे सगळं वेगळं. घराची जमीन चेंबरपेक्षा खाली असेल तर छोटा पंप लागतो. लाइन तुंबली तर घाण उलटी घरात येऊ नये म्हणून एक झडपही बसवावी लागते. 'माझ्या घरासाठी एकूण किती?' हे प्रत्येकाने लेखी विचारा. हप्ते असतील तर व्याज किती, आणि मुदतीआधी फेडलं तर व्याज सुटतं का, तेही. ज्यांनी अलीकडेच नवीन टँक बांधला त्यांना काही वर्षं जोडणीतून सूट, आणि वयस्कर किंवा तुटपुंज्या उत्पन्नाच्या मालकांची रक्कम घर विकलं जाईपर्यंत थकीत ठेवायची सोय, या दोन्ही मागण्या बऱ्याच ठिकाणी मान्य होतात. त्यासाठी त्यांची नावं कुणीतरी पुढे ठेवावी लागतात. एकट्या राहणाऱ्या आजी सुनावणीला येऊन स्वतःच्या पेन्शनचा आकडा सांगणार नाहीत.

आता विरोध ताणण्याबद्दल. कॅलिफोर्नियातल्या लॉस ओसोस या गावाची गोष्ट या क्षेत्रातल्या माणसांना ठाऊक असते. तिथे सेप्टिक टँकमुळे भूजल बिघडतंय म्हणून १९८३ साली पाणी नियंत्रण मंडळाने नव्या टँकवर निर्बंध घालायचं ठरवलं. पुढची वीस वर्षं ड्रेनेज हवं की नको, हवं तर कुठे, यात गेली. २००५ साली काम सुरू झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विरोधकांनी स्थानिक मंडळातल्या तिघांना मतदानाने परत बोलावून काम बंद पाडलं. राज्याचं स्वस्त कर्ज गेलं, दंड बसला, आणि २००६ साली ते मंडळच दिवाळखोरीत निघालं. शेवटी योजना काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, हाती घेतली आणि शुद्धीकरण केंद्र २०१६ साली सुरू झालं. विरोधकांचं सगळंच चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. केंद्र गावाच्या मध्यावर नको, हा त्यांचा मुद्दा नंतरच्या आराखड्यात मान्य झाला. पण तो आराखड्याच्या वेळी मान्य होणं आणि कंत्राट दिल्यावर, खोदाई सुरू झाल्यावर मान्य होणं, यातला फरक प्रत्येक घराच्या बिलात उतरला. म्हणून तुमच्या बाबतीत निविदा निघाली आहे का, हे आजच विचारून घ्या. निघाली नसेल तर आराखड्यावर भांडायला जागा आहे. कार्यादेशही दिला गेला असेल तर वाटणी आणि अटींवर लक्ष द्या. खोली कमी करायची वेळ तेव्हा गेलेली असते.

निवेदन नव्याने लिहिताना पहिल्या परिच्छेदात मागणी लिहा, कारणं नंतर. एका मुद्द्याला एक परिच्छेद, शेवटी पुरावा जोडलेला: पाण्याचा अहवाल, लांबीछेदाची खूण केलेली प्रत, संमतीपत्रं. सुनावणीत सगळ्यांनी तेच ते बोलू नका. एकाने पाणी, एकाने आराखडा, एकाने वाटणी, असं वाटून घ्या आणि बोललेलं इतिवृत्तात लिहिलं गेलं का, ते बाहेर पडण्याआधी पडताळा. अधिकाऱ्याने तोंडी काही कबूल केलं तर दुसऱ्याच दिवशी 'आपण असं म्हणालात' असं पत्र देऊन पोच घ्या. ठेकेदाराशी संगनमत वगैरे आरोप, पुरावा नसेल तर, निवेदनात नकोत. त्या एका ओळीमुळे उरलेली तीन पानं कोणी गांभीर्याने वाचत नाही.

तुमच्या मजकुरावरून मला तीन गोष्टी कळल्या नाहीत: प्लॉट साधारण केवढे आहेत, जमीन कोणत्या बाजूला उतरते आणि आराखड्यात पंपिंग स्टेशन आहे का. लांबीछेद हातात आला की सगळ्यात खोल चेंबर कुठल्या गल्लीत आहे ते कळवा, त्यावरून आराखड्यावर भांडण्यात किती अर्थ आहे ते सांगता येईल. पाण्याचे नमुने मात्र त्याची वाट न बघता याच आठवड्यात द्या. अहवाल यायला वेळ लागतो आणि तो आल्याशिवाय निवेदनाचा पहिला परिच्छेद लिहिता येणार नाही.